टिकली आणि टेम्परेचर

आमच्या पत्त्यात पर्वत आहे, परिसरात नाही. पहिल्यांदा येणारा पाहुणा रिक्षातून उतरतो, पैसे देता देता मान वर करून चारी दिशांना नजर टाकतो आणि मग जरा ओशाळून विचारतो, ‘‘डोंगर कुणीकडे आला?’’ डोंगर कुणीकडेच नाही. सुरत पोळपाटासारखी सपाट. पर्वत हे गावाचं नाव आणि हमरस्त्यावरून त्या गावाकडे वळायचं तिथली पाटी म्हणजे पाटिया. आपण खानदेशात ज्याला फाटा म्हणतो, तेच. पुढे शहर वाढत वाढत आलं, गाव त्यात मुरलं, नाव मात्र पाटीचंच राहिलं. आता इथे कापडमार्केटात गाळे असलेले राजस्थानी आहेत, मूळचे सुरती आहेत, तापी लाइनची गाडी पकडून धुळे-जळगाव-नंदुरबारहून आलेले आम्ही आहोत. आणि आम्ही सगळे मिळून एका पाटीवर राहतो.

मला हे आवडतं, कारण माझा धंदाच पाट्यांचा आहे. रंगवायच्या नव्हे, मशीनच्या. प्रयोगशाळेत जी गरम-थंड होणारी यंत्रं असतात ना, ओव्हन, इनक्युबेटर, वॉटर बाथ, रंगाच्या चाचणीची मशीनं, त्यांचं पोट आमचा फॅब्रिकेटर करतो, नसा वायरमन जोडतो आणि तोंड मी करतो. तोंड म्हणजे पुढचं पॅनेल: आकडे कुठे, बटणं कुठे, दिवा कुठला लाल, कुठला हिरवा, भोंगा कधी वाजणार. आईला हे काम दहा वर्षं समजावून सांगतोय. शेवटी तिने तिचा सारांश काढला आणि तोच आता नातेवाइकांत कायम झालाय: ‘‘तो सुरतले मशीनले बटनं लावस.’’ सुरत, मशीन आणि बटणं हे तीन शब्द एकत्र आल्यावर अमळनेरच्या मामांनी जो अर्थ काढायचा तो काढला. गेल्या दिवाळीला त्यांनी दोन शर्ट पाठवले. एकाचं कॉलरचं बटण तुटलं होतं, दुसऱ्याच्या बाहीचं. मी लावून परत पाठवले. वाद घालण्यापेक्षा सुई-दोरा सोपा.

आमच्या धंद्यातलं मूळ पॅनेल अगदी साधं असतं. दोन ओळी, दोन आकडे. वरचा लाल, खालचा हिरवा. वर लिहिलेलं असतं पीव्ही, खाली एसव्ही. पीव्ही म्हणजे आत्ता खरोखर किती तापलंय आणि एसव्ही म्हणजे किती तापावं असं आपण सांगितलंय. इंग्रजीतली पूर्ण रूपं मी ट्रेनिंगमध्ये कितीतरी वेळा सांगितली. कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. मग एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये रात्रपाळीच्या पोराने मला त्याची फोड ऐकवली. ‘‘एसव्ही म्हणजे साहेब व्हॅल्यू. साहेबांना काय पाहिजे ते. आणि पीव्ही म्हणजे पोऱ्या व्हॅल्यू. पोऱ्याकडून जे होतंय ते.’’ यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचलेली नाही.

अडचण त्या आकड्यांच्या खिडकीत असते. तिथे प्रत्येक घरात सात काड्या. सात काड्यांत शून्य ते नऊ सुखाने बसतात, पण इंग्रजी अक्षरं बसवायला गेलं की अब्रू जाते. एम बसत नाही, डब्ल्यू बसत नाही, के आणि एक्स तर नाहीच नाही. एस काढला की तो पाच दिसतो, ओ काढला की शून्य. म्हणजे मशीन काकुळतीला येऊन ‘सेट पॉइंट’ची आद्याक्षरं दाखवतंय आणि समोरचा माणूस वाचतोय ‘पाच पी’. एकाने मला फोन करून विचारलं होतं, ‘‘साहेब, पाच पी झालंय, दहा पीला बंद करू का?’’

आता या सगळ्या गोष्टीत जे मशीन आहे त्याची ओळख करून देतो. सुरत पॉलिएस्टरवर जगते आणि पॉलिएस्टरचा धागा हट्टी. साध्या उकळत्या पाण्यात त्याला गडद रंग धड लागत नाही. १३० अंशांपर्यंत नेलं की त्याची आतली घट्ट वीण सैल पडते आणि डिस्पर्स रंग आत शिरतो. पाणी मात्र १०० अंशांनाच उकळून वाफ व्हायला बघतं, म्हणून हे सगळं बंद भांड्यात, दाबाखाली. मिलच्या जेट मशीनमध्ये शेकडो किलो कापड एका वेळी रंगतं. तिथे शेड चुकला तर मालकाचा चेहरा त्याच शेडचा होतो. म्हणून आधी लॅबमध्ये पाच-दहा ग्रॅमच्या चिंधीवर रंग जमवून बघायचा. त्या चिंधीला म्हणायचं लॅब डिप. स्टीलचे बारा-चोवीस पॉट, प्रत्येकात चिंधी, रंग आणि जरासं ॲसेटिक ॲसिड, झाकणं आवळायची आणि ते पॉट गरम ग्लिसरीनच्या टाकीत गिरक्या घेत राहतात. लहान मुलांचा पाळणा असतो ना जत्रेतला, तसे.

यात घाई चालत नाही. चाळीसपासून एकशेतीसपर्यंत मिनिटाला दोन अंशांनी चढायचं, म्हणजे पाऊण तास गेला. वर अर्धा तास तसंच थांबायचं. मग उतरायचं आणि पुरतं निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, कारण आत दाबाखाली कोंडलेलं पाणी असतं आणि ते कुणाचं ऐकत नाही. चढताना घाई केली तर रंग एकीकडे धावतो, एकीकडे राहतो आणि कापडावर ढग उमटतात.

आणि माणसाला नेमकी घाईच असते. मी पहिल्यांदा त्या मिलमध्ये गेलो, त्याच्या आदल्या आठवड्यात एक प्रकार घडला होता. रात्रपाळीच्या नव्या पोराने सेटचं बटण दाबून १३०चे १५० केले होते. का? तर लवकर १३० होईल म्हणून. सगळे पॉट करपले. डाईंग मास्टर (हे आमचे साक्रीकडचे, मिशा आणि रागही त्याच मापाचे) हे सांगताना पुन्हा तापले. ‘‘अरे, एकशेपन्नास सांगितलं म्हणून हीटर काय पळत सुटतो का? तो काय बैल आहे?’’

मास्टरांचं खरं होतं. पण त्या पोराला मी हसलो नाही, कारण आमचे शेठ हेच रोज करतात. बाहेरून घामाघूम होऊन केबिनमध्ये आले की एसीचा रिमोट उचलून थेट सोळा. लवकर गार व्हावं म्हणून. एसी सोळा सांगितला काय, चोवीस सांगितला काय, त्याच चालीने गार करणार. फक्त सोळा सांगितलं तर थांबायचं विसरणार. वीस मिनिटांनी शेठ कानाला मफलर गुंडाळून पुन्हा रिमोट शोधतात. आपल्या सरकारने देशभरातल्या शेठांचा हा स्वभाव ओळखलाय. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे घरगुती एसी सुरू होतानाच चोवीसवर सुरू व्हावेत असा नियम आहे. पुढे खाली न्यायचं तर न्या, पण त्यासाठी बोट उचलावं लागेल. आळस हा माणसाचा सगळ्यात भरवशाचा गुण आहे आणि तो राष्ट्रकार्याला जुंपण्याची ही युक्ती मला फार थोर वाटते.

मशीन १३० अंशांवर नेमकं थांबतं कसं, हे मात्र मी त्या पोराला नीट सांगितलं. कंट्रोलरच्या आत पी, आय, डी अशी तीन माणसं बसलेली असतात. पंगतीत वाढणारे तिघे समज. वरण-बट्टीची पंगत आहे. पहिला नुसतं पान बघतो: केवढं रिकामं आहे? खूप रिकामं, तर खूप वाढ. थोडं रिकामं, तर थोडं. दुसऱ्याला मागचं लक्षात असतं: या भाऊला गेल्या दोन फेऱ्यांत कमी पडलंय, राहिलेली भरपाई आता कर. तिसरा पानाकडे बघतच नाही, जेवणाऱ्याच्या वेगाकडे बघतो: हा आता पोट भरल्यासारखा हळू झालाय, हात आवर. तिघांचं जमलं तर माणूस तृप्त होऊन उठतो. पहिल्याच्या अंगात आलं तर पानात ढीग. दुसऱ्याने जुने हिशेब फारच मनावर घेतले तर आग्रह. १३० मागितले असताना १३४ पर्यंत जाण्याला इंग्रजीत ओव्हरशूट म्हणतात. आपल्याकडे त्यालाच आग्रह म्हणतात.

पोराने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘तूप कोण वाढतं?’’

या मिलसाठी आम्हाला नवं मशीन करायचं होतं आणि त्याचं तोंड माझ्याकडे. मी ठरवलं की या खेपेला ऑफिसात बसून चौकोन काढायचे नाहीत. आधी बघायचं. अमेरिकेतल्या डोनाल्ड नॉर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक काढलं. आमच्या धंद्यात ते पोथीसारखं वाचतात. त्यात त्याच्या घरच्या फ्रिजची कहाणी आहे. आत दोन बटणं, एक बर्फाच्या खणाचं, एक भाजीपाल्याच्या खणाचं, असं दिसायला. प्रत्यक्षात थंड करणारं यंत्र एकच आणि तापमान जोखणारंही एकच. एक फिरवावं तर दुसरीकडेही बिघडणार. नॉर्मनचा सूर असा, की माणूस चुकला तर आधी बटणाकडे बोट दाखवा.

फ्रिजचं काय सांगावं! आमच्या घरच्या फ्रिजच्या चकतीवर एक ते सात आकडे आहेत. सात म्हणजे जास्त काय? जास्त गरम की जास्त थंड? बायको म्हणते उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात तीन. आई म्हणते कायम चार. आणि आमच्यापैकी कुणीही या आकड्यांचा अंशांशी संबंध लावू शकलेलं नाही. सात म्हणजे जास्त थंड. आकडा चढतो तसा गारवा वाढतो. हे विचित्र वाटतं, पण याला मोठा पूर्वज आहे. ज्यांच्या नावाने आपण अंश मोजतो त्या स्वीडनच्या अँडर्स सेल्सियसने १७४२ साली आपली पट्टी मांडली, तेव्हा पाणी उकळतं तिथे शून्य आणि बर्फ वितळतो तिथे शंभर ठेवले होते. सरळ उलटं. १७४४ मध्ये तो वारला आणि मग लोकांनी पट्टी पालथी करून घेतली. फ्रिजवाल्यांना निरोप पोचला नसावा.

याउलट इस्त्री बघा. इस्त्रीच्या चकतीवर अंश नसतातच. नायलॉन, सिल्क, वूल, कॉटन, लिनन. तुला काय करायचंय ते सांग, किती तापायचं ते मी बघते. माझ्या मते घरातली सगळ्यात शहाणी वस्तू इस्त्री आहे. फक्त तिला बंद करायला आपण विसरतो आणि नाशिकपर्यंत गेल्यावर आठवतं, हा तिचा दोष नाही.

तर मी तीन दिवस त्या लॅबमध्ये स्टुलावर बसून राहिलो, वही घेऊन. आणि पहिल्याच दिवशी मला खजिना सापडला. जुन्या मशीनच्या पॅनेलवर चार बटणं होती: सेट, डावीकडचा बाण, वरचा बाण, खालचा बाण. त्यातल्या सेटच्या बटणावर कुणीतरी एक टिकली चिकटवली होती. मरून रंगाची, मध्यम आकाराची, कडेला जरा काजळलेली. मी अक्षरशः हरखलो. ज्यासाठी परदेशात लोक परिषदा भरवतात, ते इथे एका टिकलीने केलं होतं. चार सारख्या दिसणाऱ्या बटणांतून माणसाने आपलं महत्त्वाचं बटण निवडलं आणि त्याला कुंकू लावलं. मी मोबाइलवर तिचे सहा फोटो काढले. एक मोठा करून ऑफिसच्या भिंतीवर लावला. शेठांना त्यावर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. शेठ म्हणाले, ‘‘भाऊ, टिकली तो ठीक छे, पण आना पैसा केटला?’’ (सुरतेत मराठी माणूस कितीही मोठा झाला तरी भाऊच. आमच्याकडे इंजिनिअर भाऊ, फिटर भाऊ आणि पाणीवाला भाऊ असे तीन भाऊ आहेत आणि हाक मारली की तिघेही वळतो.)

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. पोरं दर चार-पाच मिनिटांनी मशीनसमोर येऊन आकडा बघून जात. मला वाटलं, काय ही निष्ठा! मग एकाला विचारलं, ‘‘काय बघतोस रे?’’

‘‘नव्वद झालंय.’’

‘‘मग?’’

‘‘मग एकशेतीसला वीस मिनिटं. मग अर्धा तास. म्हणजे आत्ता चहाला जाता येईल.’’

त्या एका वाक्यासाठी तीन दिवसांचं स्टूल वसूल झालं. इतकी वर्षं आम्ही पॅनेलवर दाखवत होतो की मशीन किती तापलंय. हे कुणाला विचारायचंच नव्हतं. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न एकच: मी चहाला जाऊ का? तो बिचारा मनातल्या मनात वजाबाकी, भागाकार करून उत्तर काढत होता, आणि आत बसलेल्या कंट्रोलरला ते कधीचं माहीत होतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असा त्याचा सरकारी बाणा.

मी नव्या पडद्यावर तिसरी ओळ टाकली. तिथे कपबशीचं छोटं चित्र आणि शेजारी मिनिटं. चहाला बावीस मिनिटं आहेत, जाऊन या. सहा मिनिटंच उरली असतील तर कपाच्या जागी उभा माणूस. शेठ म्हणाले, हे एक्स्पोर्टला चालणार नाही. मी म्हटलं, एक्स्पोर्टला कॉफीचा मग काढू.

भाषेचा प्रश्न मात्र अवघड निघाला. पडदा मोठा झाला होता, आता त्यावर शब्द मावत होते. कुठल्या भाषेतले? मास्टर मराठी, केमिस्ट गुजराती, दिवसपाळीचा पोरगा उत्तर प्रदेशचा, रात्रपाळीचा ओडिशातल्या गंजामचा आणि मालक घरी मारवाडी बोलणारे. मी आधी उत्साहाने मराठी पडदा केला. ‘अपेक्षित तापमान’, ‘प्रक्रिया प्रारंभ’, ‘प्रक्रिया स्थगित’. मास्टरांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘हे कोर्टाचं आहे का?’’ माझाच शब्द मलाही टोचायला लागला. आयुष्यात मी घरी कधी ‘तापमान’ म्हटलेलं नाही. ताप मोजला तरी टेम्परेचर, ओव्हनचं टेम्परेचर, गावी फोन केला की, ‘‘तिकडे टेम्परेचर काय म्हणतंय?’’ तापमान फक्त बातम्यांत असतं आणि तिथे ते नेहमी जळगावात वाढलेलं असतं.

शेवटी सगळ्यांना बसवून चाळण लावली. पाच भाषांत मिळून दोनच शब्द असे सापडले, की ज्यांवर कुणाचाही आक्षेप नव्हता: ‘चालू’ आणि ‘बंद’. गंजामचा पोरगाही म्हणाला, आमच्याकडेही तेच. राष्ट्रीय एकात्मतेवर आजवर एवढं बोललं गेलंय. ती प्रत्यक्षात बोर्डाच्या स्विचवर आहे. बाकी सगळ्याला चित्रं काढली.

याच सुमारास गावाकडच्या आमच्या वहिनींनी माझी थोडी हवा काढली. त्या शिंदखेडा तालुक्यात नर्स आहेत. सुट्टीला गेलो असताना मी त्यांना माझा पडदा मोबाइलवर दाखवला: रंग, आलेख, कपबशी. त्यांनी कौतुक केलं आणि म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे तर नुसता ठिपका असतो.’’ लशीच्या बाटलीवरचा तो ठिपका मी पाहिला होता, पण बघितला नव्हता. एक जांभळं वर्तुळ, त्याच्या आत फिकट चौकोन. लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. बाटलीला जितकी उष्णता जितका वेळ लागत जाते तितका आतला चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळाच्या रंगाला पोचला की बाटली फेकायची. वीज नाही, बॅटरी नाही, बटण नाही, भाषा नाही. पोलिओच्या बाटल्यांवर हे १९९६ पासून आलं. रस्त्यात फ्रिज बंद होता का, खोका उन्हात राहिला होता का, याचं उत्तर ती बाटली स्वतःच्या अंगावर घेऊन येते. भारतातला रानटी विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला, त्यामागे लाखो माणसांचे पाय आहेत. पण त्या पायांबरोबर हा ठिपकाही गल्ल्या हिंडला. मी मोबाइल खिशात ठेवला. वहिनी म्हणाल्या, ‘‘पण तुमचा कप छान आहे हो.’’

परत आलो तो शेठांची नवी मागणी तयार: दशांश. स्पर्धक दशांशचिन्हापुढे एक आकडा दाखवतात, आपण दोन दाखवू. मी समजावलं की आपला सेन्सर पीटी-१००, तोही स्वस्तातला. शून्य अंशाला त्याचा विरोध १०० ओहम असतो आणि अंशामागे तो ०.३८५ ओहमने वाढतो. आपण त्याला लांब वायर लावतो, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं कॅलिब्रेशन करत नाही आणि अर्ध्या अंशाची फारकत सहज पडते. शेठ म्हणाले, ‘‘फारकत आत आहे ना? दशांश तर बाहेर दाखवायचाय.’’ दाखवला. आठवड्यात तक्रार आली: आकडा नाचतो. १३०.०२, १२९.९७, १३०.०५. आधीही तो नाचतच होता, पडद्याआड. मग मी काय केलं ते सांगताना जरा आवाज खाली करतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळी घातल्या: आकडा ठरवलेल्या टेम्परेचरच्या अगदी जवळ आला की सरळ ठरवलेलंच दाखव. नाच थांबला. गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं, आता मशीन एकदम पक्कं झालंय. साहेब व्हॅल्यू आणि पोऱ्या व्हॅल्यू तंतोतंत जुळल्या. ऑफिसात अशा जुळतात तेव्हाही कुणीतरी कुठेतरी दोन ओळी घातलेल्या असतात, असं मला तेव्हापासून वाटतं.

माझ्या हातून निव्वळ आळसाने झालेली एक चूकही सांगून टाकतो. मिलच्या सांडपाण्याच्या तपासणीसाठी बीओडी इनक्युबेटर लागतो. पाण्यातली घाण खायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो ते त्यात बघतात. इंग्रजी पुस्तकात २० अंशांवर पाच दिवस. आपल्याकडच्या पद्धतीत २७ अंशांवर तीन दिवस. आपले जंतू उकाड्यात लवकर जेवतात. मी परदेशी नमुना समोर ठेवून काम केलं आणि मशीन सुरू होताना आपोआप २० येईल असं ठेवून दिलं. मग लॅबमधला केमिस्ट रोज सकाळी वीसचे सत्तावीस करायचा. वर्षभर. एकदाही त्याने तक्रार केली नाही. मी विचारलं, तर म्हणाला, ‘‘मला वाटलं, ती मशीनची पूजा आहे. सुरू करताना करायची असते.’’

असो. आमचं नवं मशीन तयार झालं. कपबशी होती, चालू-बंद होतं, आलेख होता. आणि पॅनेलच्या बरोबर मधोमध, टिकलीचा मान राखून, सेटचं बटण. बाकीच्यांच्या दुप्पट मोठं, गोल, मरून. अगदी त्या टिकलीचीच छटा मी शेड कार्डावरून जुळवून घेतली होती. मशीन मिलमध्ये बसवलं, मास्टरांनी नारळ फोडला, पेढे झाले. मास्टर बटणाकडे बघून काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात शेठांनी त्यांच्या तोंडात पेढा घातला.

महिन्याभराने देखभालीसाठी गेलो. आधी चांगली बातमी: कपबशी गाजली होती. पोरं मशीनसमोर येरझाऱ्या घालत नव्हती. मालकांची तक्रार एवढीच, की पूर्वी चहाला दहा मिनिटांत परत यायची, आता बरोबर बावीस मिनिटांनी येतात. ‘‘मशीननेच सांगितलंय म्हणतात,’’ असं मालक म्हणाले.

मग मी मशीनसमोर गेलो. पॅनेलच्या मधोमध माझं बटण दिसेना. तिथे स्टीलची वाटी होती. डब्यातली, भाजीची. उपडी घालून चारी बाजूंनी तपकिरी पार्सल टेपने बंदोबस्तात चिकटवलेली.

‘‘मास्टर, हे काय?’’

‘‘काय करणार भाऊ? जुन्या मशीनला एक टिकली पुरत होती.’’

‘‘टिकली तर तुमचीच होती ना? महत्त्वाचं बटण म्हणून लावलेली?’’

मास्टर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने त्यांनी करपलेल्या पॉटकडेही बघितलं नसेल. ‘‘महत्त्वाचं कसलं? त्या पोऱ्याने दीडशे केले, त्या दिवशी लावली मी ती. बायकोच्या पाकिटातली आणून. लाल म्हणजे हात लावायचा नाही. सिग्नलला तुम्ही काय करता?’’

मी काही बोललो नाही. ऑफिसच्या भिंतीवरचा मोठा केलेला फोटो मला तिथे उभ्या उभ्या दिसत होता.

‘‘आणि तुम्ही एवढं थोरलं करून बरोबर मध्ये आणून ठेवलं,’’ मास्टर म्हणाले. ‘‘पहिल्या आठवड्यात चार जणांनी दाबलं. एक तर झाडू मारणारा होता. त्याला वाटलं बेल आहे.’’

वाटी नीट बसवलेली होती, हे कबूल केलं पाहिजे. कडेला कापूस लावून घेतला होता, पॅनेलला ओरखडा नव्हता. मी जरा वाकून जवळून पाहिलं. वाटीच्या बुडावर, अगदी मध्यावर, एक मरून टिकली लावलेली होती.